आरपारची गोळी

मानसिक रोगाच्या ओपीडीबाहेर बसलात की किस्से मागावे लागत नाहीत. डॉक्टर मॅडमकडे नंबर लागेस्तोवर दुपार होते. माणूस फोनला कंटाळतो आणि शेजारच्याला धरतो.

माझ्या मुलाला, दिनेशला, कानात आवाज येतात. त्यावर गोळी आहे ॲरिपिप्राझोल. हे नाव घेताना माझी कवळी हलते, म्हणून मी ‘आरपार’ म्हणतो. भांडुपचा केमिस्ट बरोबर तीच देतो. आधीच्या गोळ्या दिनेशनं गुपचूप सोडल्या होत्या, तेव्हा कुर्ल्याला फलाटावर सापडला, अनवाणी. तेव्हापासून माझा जीव टांगणीला.

*

एकदा बाकावरच्या सावंतबाईंच्या पिशवीत आरपारचीच पट्टी दिसली. विचारलं, "तुम्हाला पण आवाज येतात?"

"छे हो. मला उदास वाटतं. आधीच्या गोळीला जोड म्हणून ही दिलीय."

म्हणजे पोराला भलतीच गोळी चाललीय! नंबर नसताना आत घुसलो. मॅडम म्हणाल्या, "काका, बस एकच असते. लोक आपापल्या स्टॉपवर उतरतात."

"मग आमचा स्टॉप कधी?"

"ते बघू. तुम्ही त्याला मधेच उतरू देऊ नका."

*

त्याच बाकावरच्या कांबळेलाही हीच गोळी. त्याचं दुखणं उलटं, उत्साहाचा नुसता पूर. अशाच एका पुरात त्यानं मुलीचं लग्न ठरलं म्हणून अख्ख्या चाळीला आमंत्रण दिलं. मुलीलाही दिलं.

*

आरपार नवीन सुरू झाली तेव्हा दिनेशचे पाय थांबेनात. खिडकी ते मोरी, मोरी ते खिडकी. मी त्याच्या मागं. "कोण बोलावतंय रे? कुठं निघालास?"

मॅडमनी सांगितलं, हा आजार नाही, गोळीचा त्रास आहे, डोस कमी करू.

बायको म्हणाली, "ह्यांचा पण करा. हे पण थांबत नाहीत."

*

जेवण झालं की मी रोज त्याला गोळी देतो आणि म्हणतो, "आ कर. जीभ वर कर." बत्तीस वर्षांचा बाप्या, शिव्या घालत आ करतो. परवा आ करून झाल्यावर म्हणाला, "बाबा, आज परत आवाज आला."

"काय म्हणाला?"

"गोळी घेऊ नको म्हणाला."

"मग?"

"मग काय, घेतली ना."

"का?"

"तुमच्यासारखा आवाज होता. तुमचं कधी ऐकलंय मी?"