रमीच्या वाटच्या हिरव्या मिरच्या

तापीकाठच्या प्रकाशा गावच्या धनुबाईला हिरवी मिरची महिनाभर टिकवता यायची. ही विद्या तिला रमीबाईनं दिली होती. रमीबाई नवापूरकडच्या डोंगरातली. दिवाळी झाली की गावच्या बायकांबरोबर तापीकाठी मिरची तोडायला उतरायची आणि होळीच्या आत परत जायची. सहा हंगाम ती धनुबाईच्या नवऱ्याच्या, दोधू पाटलांच्या शेतात आली. घरी तिला ओट्याच्या पुढे यायला मनाई. शेतात मात्र दोघी शेजारच्या ओळी धरायच्या. रमीचं अर्धं बोलणं धनुबाईला कळत नसे, तरी हसून हसून दोघींची पोटं दुखायची.

एकदा धनुबाईची टोपलीभर मिरची सडलेली पाहून रमीनं कपाळाला हात लावला. मग शिकवलं. दव वाळल्यावर तोडायची, पाणी लागू द्यायचं नाही. देठ काढायचे, किडकी-चिरलेली बाजूला सारायची. पळसाच्या कोरड्या पानांचे थर देत मडक्यात भरायची आणि मडकं ओल्या वाळूत बसवायचं. दर तिसऱ्या दिवशी एकेक मिरची पाहायची.

"एक सडनी का बठ्या गयात!" रमी म्हणाली. एक सडली की सगळ्या गेल्याच.

एकोणीसशे छत्तीस साली माघात निरोप आला, रमीची आई अंथरुणाला खिळली. रमी तशीच उठली. जाताना ओट्याशी थांबून म्हणाली, "धनुबाय, मी आठ दिनमा येसू. होळीसाठी मन्हाकरता हिरव्या मिरच्या ठेवजो."

शेतात हिरवी मिरची संपत आली होती. धनुबाईनं उरलेल्यातली निवडक तोडून मडकं भरलं. आठ दिवस गेले, पंधरा गेले. ती दर तिसऱ्या दिवशी पानं उलगडायची, कुणाचं गाडं वाजलं की दाराकडे पाहायची. होळी आली आणि गेली. मिरच्या आधी मऊ पडल्या, मग एकेक लाल होऊन सुरकुतली.

"फेकी दे आते त्या," दोधू पाटील म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या. ती येई," धनुबाई म्हणाली. चैत्रात मात्र तिनं स्वतःच मडकं उकिरड्यावर उपडं केलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

पुढच्या हंगामात डोंगरातल्या बायका आल्या, रमी आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. बायका नुसतं म्हणायच्या, "ती शे, बरी शे." धनुबाईनं दर माघात तिच्या वाटच्या मिरच्या ठेवल्या आणि दर चैत्रात टाकल्या.

तिसऱ्या वर्षी दोधू पाटील घराच्या तुळईसाठी सागाचं लाकूड घ्यायला नवापूरला निघाले. धनुबाई मडकं काखेत घेऊन दारात उभी राहिली. "मलेबी येनं शे." लग्नाला वीस वर्षं झाली होती, तिनं काही मागितल्याचं पाटलांना आठवेना. ते नुसतं "चाल" म्हणाले.

नंदुरबारला रेल्वे धरून दोघं नवापूरला उतरली. पाटील लाकडाच्या वखारीत गेले. धनुबाई वाट विचारत, दीड कोस चढून रमीच्या घरी पोचली. दारात रमीची लेक बुधीबाई नागली पाखडत होती. धनुबाईनं नाव सांगताच तिनं सूप खाली ठेवलं.

"माय गुजरातमा गयी, बापबरोबर. लाकूड तोडाले. होळीले येई."

होळीला अजून बारा दिवस होते. धनुबाईनं मडकं खाली ठेवलं. बुधीनं नागलीची भाकर आणि चटणी पुढे केली. धनुबाईनं तिथेच अंगणात बसून खाल्ली. मग पळसाची पानं उलगडून ती बुधीला सांगू लागली, पाणी लावू नको, तिसऱ्या दिवशी पाहा. बुधी हसली. "मावशी, माय बी अशीच ठेवस. तुन्ही गोठ सांगस आणि ठेवस."

रमी आपली गोष्ट सांगते हे ऐकून धनुबाईनं विचारलं, "काय सांगस?"

"तू लई हसस म्हने."

संध्याकाळची गाडी गाठायची होती. मडकं बुधीच्या हवाली करून धनुबाई उताराला लागली. डबा हलला तसे डोंगर मागे पडू लागले. शेवटचा सुळका दिसेनासा होईपर्यंत तिनं खिडकी सोडली नाही. रमी त्या होळीला घरी आली का, मिरच्या तिच्यापर्यंत टिकल्या का, हे धनुबाईला कधी कळलं नाही.