शेकशेगडीखालची चुंबळ

माझी लेक बाळंतपणाला आमच्याकडे लालबागला येणार म्हटल्यावर आईने माळ्यावरून शेकशेगडी उतरवली. बाळाला न्हाऊ घातलं की ओव्याची धुरी द्यायची ना! धुरीवरून आजी आणि नात यांची जुंपणार हे मी गृहीतच धरलं होतं. पण शेगडीच्या मागोमाग तिच्याखाली ठेवायची चुंबळही उतरली आणि माझं डोकंच फिरलं.

बाबा गिरणीत बॉयलरवर होते. तिथल्या तापलेल्या पाइपांना गुंडाळायचा पांढरा दोर त्यांनी कधीतरी घरी आणला आणि आईने त्याची चुंबळ वळली. जळत नाही, करपत नाही! चाळीत आईचा भाव असला वधारला की विचारू नका. कुणाकडे बाळंतीण आली की चुंबळ मागायला माणूस हजर. दोर कसला, तर ॲस्बेस्टॉसचा. आता त्याचा कापूस सुटला होता आणि आई ती चुंबळ गॅलरीच्या कठड्यावर आपटून साफ करायला निघाली होती.

"आपटू नकोस!" मी अशी किंचाळले की शेजारीण लाटणं घेऊन बाहेर आली. "त्याची धूळ छातीत बसते, आई. कॅन्सर होतो."

"खुळी झालंस काय गो? तुझ्या बापाशीन हाडलली ती."

"बाबांनी आणली म्हणून काय प्रसाद झाला? पणतवंडाच्या नाकाखाली ठेवणार आहेस?"

पणतवंड म्हटल्यावर आईने तोंड फुगवून का होईना, चुंबळ हळूच खाली ठेवली.

घातक कचरा नेणाऱ्यांना मी फोन केला. तिकडून बजावलं, झाडू मारायचा नाही, पंखा बंद, आधी ओलं करा, मग जाड पिशव्यांत बांधा, आम्ही नेतो. मी मास्क, हातमोजे आणि जुना रेनकोट चढवला. आईलाही मास्क देऊन दाराबाहेर उभं केलं.

"दशावतारातलो राक्षस दिसतंस," आई म्हणाली. खूश होती मेली.

इस्त्रीच्या फवाऱ्याने चुंबळ चिंब केली, पिशवीत घातली. फरशी आणि कठडा ओल्या फडक्याने पुसून फडकंही तिच्यातच कोंबलं. गाठ मारली, वर दुसरी पिशवी. एकदम कडक काम! मी स्वतःवरच फिदा.

"गो, ती धूळ कपड्याक पण लागता?" आईने दारातून विचारलं.

"लागते तर! हा रेनकोटसुद्धा पिशवीत जाणार."

"मगे तुझो बापूस बॉयलरवरसून येय, तेचे कपडे मी रोज दारात झाडून भिजत घालीय. तेचा काय?"

आईने मास्क नाकावर ओढून घेतला आणि माझ्याकडे बघत राहिली. धावत जाऊन तिला घट्ट धरावंसं वाटलं. ती उंबरठा ओलांडून माझ्याकडे यायलाही लागली.

माझ्या अंगात अजून तो रेनकोट होता.

"आई, लांब हो," मी ओरडले.