सवतीचं माप

आमच्या ह्यांच्या मोठ्या रायफलला मी सवत म्हणत असे. ती घरात आली त्या दिवशी ह्यांनी ती आधी बेसमेंटमधल्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि मग चहाच्या वेळी हळूच विषय काढला. थ्री सेव्हंटी फाइव्ह कॅलिबर, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, अंगाने भरभक्कम. उन्हाळा सरला की हे तिला तेल चोळत बसायचे आणि मी जिन्यावरून ओरडायची, "माझ्या डोक्याला कधी लावलंत का हो असं तेल?"

हे गेले आणि घरात आम्ही दोघीच उरलो.

रस्तेबांधणीच्या नोकरीपायी आम्ही कॅनडाच्या पार उत्तरेला, युकॉनमध्ये आलो होतो. चार वर्षं काढू आणि टोरांटोकडे सरकू, असं ठरलं होतं. पण कोल्हापूरच्या माणसाला इथे शिकार सापडली. मग कुठलं टोरांटो? मलाही त्यांनी लायसन्स काढायला लावलं, हरणासाठी एक हलकी रायफल घेऊन दिली. ती धाकटी. मी तिच्याने नेम चांगला धरायची, पण बायसनच्या शिकारीला गेलो की माझं काम थर्मास, पोळ्या आणि ह्यांना नावं ठेवणं एवढंच.

बायसन म्हणजे आपला गवाच, पण खांद्यावर गोधडी पांघरलेला. जखमी झाला तर पळत नाही, उलटा अंगावर येतो. म्हणून त्याच्यासाठी दणकट रायफल लागते. तसा इथला नियमच आहे. धाकटी त्यात बसत नाही. शिवाय एकाने गोळी झाडायची आणि दुसऱ्याने भरलेली रायफल घेऊन शेजारी उभं राहायचं, अशी आमची पद्धत. आमचं म्हणजे आम्ही दोघं आणि शेजारचा म्हातारा. त्याच्या गोळीला ह्यांची राखण, ह्यांच्या गोळीला त्याची.

ह्यांच्या मागे पहिला हिवाळा मी कसा काढला ते मलाच माहीत. दुपारीच अंधारून यायचं. मी बर्फ शोव्हल करून वाट मोकळी करायची आणि त्या वाटेने कोणी यायचं नाही. आठवडाभरात मराठी शब्द तोंडातून निघायचा तो फोनवर टोरांटोजवळच्या मार्कहॅममध्ये राहणाऱ्या लेकीशी, आणि तीही अर्धं इंग्लिशच बोलायची. "आई, इनफ. बेसमेंट रेडी आहे तुझ्यासाठी. वेगळं वॉशरूम आहे, हीटिंग आहे. बाबांच्या गन्स सेल कर आणि ये." तिचं काही चुकत नव्हतं. पण बेसमेंट म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर खिडकीतून दिसणारे दुसऱ्यांचे पाय यायचे.

ऑगस्टमध्ये म्हातारा कुंपणाशी आला. तो आडवळणाने बोलणारा नाही. "तुझ्या पोळ्या मला आवडतात," तो म्हणाला, "पण मला दुसरी बंदूक लागते. तू उभी राहणार असशील तर आपण जाऊ. नाहीतर मी भाच्याच्या टोळीत जातो. त्यांच्यात जागा एकाचीच आहे."

मी रात्री नाही, भर दुपारी, भांडी घासता घासता ठरवून टाकलं. मोठी रायफल पेलली तर इथे राहायचं. नाही पेलली तर मार्कहॅम. ती शिकारच गेली तर ह्या गावात माझं असं काय उरत होतं?

सवतीला घेऊन म्हाताऱ्याबरोबर नेमबाजीच्या मैदानावर गेले. पहिल्याच गोळीला तिने मला फटका दिला. दस्ता खांद्यावर आदळला आणि रायफलवरच्या दुर्बिणीची कडा भुवईवर बसली. रक्त डोळ्यात उतरलं. म्हाताऱ्याने रुमाल दिला आणि मान दुसरीकडे वळवली. घरी येऊन आरशात पाहिलं तर भुवईवर लालभडक चंद्रकोर. मला हसू आलं आणि मग हसूच आवरेना, शेवटी त्याचं रडू झालं.

म्हणून दुसरी घ्यायची ठरवली आणि व्हाइटहॉर्सला बंदुका विकणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या बाईकडे गेले. तिने तीन-चार रायफली काउंटरवर मांडल्या. एक थ्री हंड्रेड मॅग्नम, वजनाला हलकी. "हलकी आहे म्हणून भुलू नका," ती म्हणाली, "हलकी जास्त लाथ मारते. जड असते ती नुसती ढकलते." दुसरी थ्री थर्टी एट. ती खांद्याला लावली आणि दुर्बिणीत सगळं गोल, स्वच्छ दिसलं. मान ताणावी लागली नाही. हिचं कॅलिबर लहान म्हणून जमतंय, असं आधी वाटलं. मग कोपराकडे लक्ष गेलं.

मी आयुष्यभर ब्लाउज शिवलेत. दुसरीच्या मापाचा ब्लाउज अंगात घातला की कुठे ओढतो ते मला न बघता कळतं. ह्या रायफलचा दस्ता बाईमाणसासाठी आखूड करून घेतलेला होता. आमचे हे सहा फुटी. सवत त्यांच्या हाताच्या मापाची होती आणि मी तिच्यापर्यंत पोचायला मान पुढे काढत होते. तोंड तिथे, फटका तिथे.

"आमच्या घरची थ्री सेव्हंटी फाइव्ह आखूड करता येईल का?" मी विचारलं.

"येईल. वजनदार आहे, तुम्हाला उलट तीच सोसेल. मागून लाकूड कापायचं आणि रबराची जाड गादी बसवायची." मग म्हणाली, "पण कापलेलं परत जोडता येत नाही. घरी विचारून या."

घरी कुणाला विचारू? कपाट उघडलं आणि सवतीला मांडीवर घेऊन बसले. दस्त्याच्या मागच्या टोकाला एक लालसर ठसा आहे. आमच्याकडे खंडेनवमीला शस्त्रं पुजतात. पहिल्या वर्षी ह्यांनी लाकडाचं व्हार्निश खरवडून तेल पाजायला घेतलं होतं आणि मध्येच पूजा आठवली. ओलं कुंकू अनामिकेने थेट उघड्या लाकडाला टेकवलं. ते असं मुरलं की पुन्हा कशाने म्हणून गेलं नाही. म्हाताऱ्याला ते पहिल्या शिकारीचं रक्त वाटलं. ह्यांनी त्याचा गैरसमज कधी दूर केला नाही, उलट त्या ठशाकडे बघून गंभीर चेहरा करायचे. मी आत जाऊन पदर तोंडात कोंबायची.

कापायचं म्हणजे नेमका तोच भाग जाणार होता. कित्येक दिवस मी त्या बाईला लावायला फोन उचलून ठेवत राहिले. ह्यांचे कोट मी केव्हाच देऊन टाकले होते, चष्मा ड्रॉवरमध्ये होता, पण एवढा मोठा निर्णय कुठल्याच वस्तूने माझ्याकडून मागितला नव्हता. ते परत आले तर काय, असं मला खरोखर वाटत होतं. वेडेपणा होता, पण वाटत होतं.

शेवटी नेऊन दिली. महिन्याभरात बाईने परत दिली, आणि एका कागदी पिशवीत कापलेला तुकडाही ठेवला होता. "डाग पुसला नाही," ती म्हणाली, "तुमचा असेल म्हणून."

मैदानावर म्हातारा मागे उभा राहिला. सवतीने ह्या वेळी नुसतं ढकललं. समोर लावलेल्या कागदी ताटलीच्या मध्यावर भोक पडलं, मग त्याच्याशेजारी दुसरं. म्हातारा जाऊन ताटली काढून घेऊन आला. "मार्चमधल्या शिकारीला पोळ्या जास्त कर," एवढंच म्हणाला.

खंडेनवमीला पाटावर लाल कापड घातलं, सवतीला ठेवलं. ह्यांच्यामागे मी कुंकवाची कोयरी उघडली नव्हती. उघडली, पण लावायचं कुठे? टोकाला काळं रबर, त्यावर कुंकू ठरेना. मग कापलेला तुकडा आणला आणि ह्यांच्या ठशाशेजारी माझं बोट टेकवलं.

लेकीला फोन केला. "बेसमेंट भाड्याने दे," म्हटलं. "कॉलेजची मराठी मुलं खोल्या शोधत असतात, त्यांना दे."

"आई, आर यू शुअर?"

"हो."

ती ह्या वेळी मराठीत म्हणाली, "बाबांसारखंच करतेस." तिने फोन ठेवला.

रिकामी रायफल उचलून मी खिडकीशी गेले आणि खांद्याला लावली. अगदी बरोबर बसली. माझ्या मापाची झाली म्हणजे आता ती त्यांना बसणार नव्हती, आज दारातून आत आले असते तरी. मी तिला तशीच धरून उभी राहिले आणि मोठ्याने रडले. ऐकायला कोणीच नव्हतं.