गजभियांचे सात दिवस, गटाराविना

आमच्या गावात, शॉमबर्गात, सध्या अशी बातमी आहे की भानुदास गजभियेला बार्सिलोनाच्या पोलिसांनी एका बागेत पकडलं, तेही रंगीबेरंगी पालीच्या तोंडात हात घालताना. गेल्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने आपला पदार्थ आणायच्या जेवणाला, ही बातमी मला तीन जणांनी वेगवेगळी सांगितली. तिसऱ्याने तर त्यात एक रात्र कोठडी घातली होती आणि जामीन राहणारा म्हणून माझं नाव.

तर आता खरं काय ते सांगतो. पोलीस नव्हते, बागेचा सुरक्षारक्षक होता. त्याने पकडलं नव्हतं, बसायला खुर्ची आणून दिली होती. पालीच्या तोंडात हात घालायचा विचार भानुदासच्या मनात आला होता एवढं खरं, पण समोर साखळी होती आणि सोबत बायको होती. आणि ‘भानुदास ताब्यात’ अशी ओळ लिहून फोटो ग्रुपवर टाकणारा महाभाग कोण, तर मीच. सॉरी म्हणणार नाही. फोटो चांगला आला होता.

भानुदास माझा शेजारी. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक मेपलचं झाड आहे आणि त्याच्या पानांवरून सोळा वर्षांची कुरबुर. तो सिव्हिल इंजिनिअर. काम पावसाच्या पाण्याचं. रस्त्यावर पडलेलं पाणी जाळीतून गटारात, गटारातून पाइपात आणि पाइपातून तळ्यात नीट पोचतंय ना, हे बघायचं. इथली माणसं पाच वाजले की काम ऑफिसात ठेवून येतात. हा ते बुटाला लावून घरी आणतो. पाऊस आला की आपण घरात पळतो, हा बाहेर पळतो. अंगात पिवळा रेनकोट, हातात दंताळं. गल्लीच्या टोकाच्या जाळीवरची पानं ओढायची आणि मग तिथेच उभं राहून पाणी कसं आत जातंय ते बघत बसायचं. समोर नवीन राहायला आलेल्या बाईंनी पहिल्या वादळात गाडीची काच खाली करून त्याला विचारलं होतं, “सर, आर यू ओके?” हा म्हणाला, “नाऊ इट इज फ्लोइंग.” त्या बाई अजूनही त्याला लांबूनच हात करतात.

हे वेड आलं कुठून, ते त्याने एकदाच सांगितलं, तेही हसत. नागपूरला त्यांचं घर वस्तीच्या सखल टोकाला, नाल्याला लागून. वरच्या सगळ्या गल्ल्यांचं पाणी शेवटी यांच्या उंबऱ्याशी. आई पुस्तकं पत्र्याच्या पेटीत घालायची, पेटी खाटेवर ठेवायची आणि खाटेच्या पायांखाली विटा. “पाणी येणार हे सगळ्यांना माहीत होतं ना,” भानुदास म्हणाला, “जाणार कुठे, हे कोणी ठरवलंच नव्हतं.” त्यांच्या इथल्या हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो आहे, त्याखाली याची डिग्री, आणि डिग्रीच्या शेजारी शॉमबर्गातल्या पावसाळी गटारांचा चार फुटी नकाशा. पाहुणे आले की चहा त्याची बायको, राधावहिनी, देतात आणि नकाशा हा देतो.

आता खरी भानगड. जूनमध्ये भानुदास रिटायर होणार. मुलगी हर्षिता दूर दक्षिणेत अल्फारेटाला असते, ऑगस्टमध्ये तिला बाळ होणार. राधावहिनींचं म्हणणं, घर विकून तिकडे जाऊ. भानुदासचं म्हणणं, इथलं एकेक मॅनहोल मला ओळखतं, मी हलणार नाही. हा वाद नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपासून चालू होता. आमच्यापर्यंत ऐकू यायचा. नाही आला तर मी मेपलखाली जाऊन उभा राहायचो.

एप्रिलमध्ये आम्ही दोन्ही जोडप्यांनी आठवडाभर बार्सिलोनाला जायचं ठरवलं. निघायच्या आधीच्या रविवारी आमच्याच डायनिंग टेबलावर वहिनींनी तोफ डागली.

“अहो, एकतीस वर्षं झाली लग्नाला. नायगाराला गेलो तर तुम्ही पार्किंगमधला उतार मोजत होता. एक आठवडा मला वर बघून चालणारा नवरा पाहिजे.”

“बघीन की वर.”

“नुसतं बघायचं नाही. गटार, पाइप, जाळी, उतार, मॅनहोल, पाण्याचा निचरा, यातलं काही बोलायचं नाही. सात दिवस. जमलं तर आपण शॉमबर्गात. नाही जमलं तर जुलैत अल्फारेटा.”

भानुदासने भजं खाली ठेवलं. “ठरलं. पंच कोण?”

“शैलेंद्रभाऊ.”

म्हणजे मी. पंच निःपक्ष असावा असं म्हणतात. माझ्या तळघरात दोनदा पाणी शिरलं होतं आणि दोन्ही वेळा पहाटे चार वाजता हाच माणूस पंप घेऊन आला होता. तेव्हा माझा कल कुठे होता, हे मी लपवत नाही. माझ्या बायकोने, सुलेखाने तर त्याच रात्री मला सांगून टाकलं, “त्याला बोलू देऊ नकोस. नाहीतर पुढच्या वेळी बादल्या तू उपसशील.”

पहिले पाच दिवस भानुदास असा वागला की मलाच त्याची काळजी वाटायला लागली. रस्त्याने मान वर करून चालायचा. दोनदा खांबावर आदळला. तिथल्या जुन्या कॅथेड्रलच्या छताला दगडी प्राणी आहेत, पावसाचं पाणी तोंडातून लांब फेकणारे, त्यात एक हत्तीसुद्धा आहे. भानुदास त्या हत्तीकडे पाच मिनिटं बघत राहिला. शेवटी म्हणाला, “छान हत्ती आहे.”

“हे मोजायचं का?” वहिनींनी मला विचारलं.

“हत्तीची स्तुती यादीत नाही,” मी निकाल दिला.

सहाव्या दिवशी सकाळी पडदा सरकवला तर बाहेर धो धो पाऊस. त्या दिवशीचं तिकीट होतं टेकडीवरच्या त्या प्रसिद्ध बागेचं, अकराच्या वेळेचं. सुलेखा म्हणाली हॉटेलातच लोळू. मी म्हणालो बरं. भानुदास खिडकीला नाक लावून उभा होता. वहिनी म्हणाल्या, “जायचं. पाऊस काय खातोय का आपल्याला?” ज्या बाई शॉमबर्गात रिमझिम असली तरी ग्रोसरी पुढे ढकलतात, त्या असं म्हणाल्या. याची मी तेव्हाच मनात नोंद करायला हवी होती.

त्या टेकडीची चढण एवढी उभी की रस्त्यातच सरकते जिने बसवलेत. त्यांच्या कडेने पाणी धावत खाली येत होतं आणि भानुदास आभाळाकडे तोंड करून वर जात होता. चष्म्यावर पाऊस, दिसत काही नसणार. वर पोचलो तर एक मोठं मैदान, कडेने नागमोडी बाक, बाकावर रंगीत काचा-खापऱ्यांची नक्षी. एरवी तिथून समुद्र दिसतो म्हणे. आम्हाला फक्त छत्र्या दिसल्या. लोक सेल्फी काढून पळत होते. भानुदास मैदानाच्या मधोमध थांबला. पायाखाली वाळूसारखी माती. एवढा पाऊस, आणि कुठे डबकं नाही. दिसेल अशी जाळी नाही. त्याचे ओठ हलायला लागले. मी जाऊन दंड धरला आणि त्याला खाली नेला.

खाली म्हणजे त्याच मैदानाच्या पोटात. तिथे शंभराला थोडे कमी एवढे जाडजूड खांब आहेत आणि त्यांच्या डोक्यावर ते अख्खं मैदान. आत कोरडं. सगळं पर्यटकमंडळ तिथेच आसऱ्याला आलेलं. सुलेखाने खाकऱ्याचं पाकीट फोडलं. भानुदासने दोन्ही हात खिशात घातले, मिठाईच्या दुकानात मुलांना घालायला लावतात तसे.

“लेका, धीर धर,” मी पुटपुटलो. “दीड दिवस राहिलाय.”

तेवढ्यात राधावहिनींनी ओढणीने चष्मा पुसला, वर छताकडे बघितलं आणि म्हणाल्या, “अहो, वर एवढं पाणी पडतंय. ते जातं कुठे?”

सुलेखाचा खाकरा तोंडाजवळच थांबला.

“भानुदास,” मी म्हणालो, “उत्तर द्यायचं नाही. माहीत नाही म्हण.”

“खोटं बोलू?”

“मग गप्प बस!”

तो माझ्याकडे बघतच नव्हता. “राधा, तू खरंच विचारतेयस?”

“खरंच म्हणजे? पाइप दिसत नाही, काही नाही. आपल्या डोक्यावर एवढं तळं साचायला पाहिजे होतं. गेलं कुठे?”

“ऑब्जेक्शन!” मी ओरडलो. “वहिनी, पाइप शब्द तुम्ही काढलात!”

“नियम यांना आहे, मला नाही.”

नियमात बसत होतं. मीच पंच, मलाच गप्प बसावं लागलं. आणि भानुदासने खिशातून हात काढले.

पुढची चाळीस मिनिटं काय सांगू! सहा दिवसांचं तुंबलेलं सगळं बाहेर आलं. म्हणे, वरची माती पाणी गाळते. गाळलेलं पाणी खांबांच्या पोटातून खाली येतं, म्हणजे हे खांब नुसते छताला टेकू नाहीत, नळ आहेत. खाली आपल्या पायांखाली भलीमोठी टाकी आहे, तिच्यात ते साठतं. “कॉलेजात असताना एका मासिकात रेखाटन बघितलं होतं ना, राधा! अन् शंभर वर्षांपूर्वी केलंय हे, शंभर!” मग म्हणाला, ऐक, आत आवाज येतो का बघ. गुडघ्यावर बसला, खांबाला मिठी मारली आणि कान लावला. वहिनीही वाकून कान लावून बसल्या. मीही लावला. मला थंडगार फरशीशिवाय काही कळलं नाही, पण त्या दोघांना ऐकू येत होतं म्हणे.

तो फोटो याच वेळचा. माणूस गुडघ्यावर, खांब छातीशी, डोळे मिटलेले. रक्षकाला वाटलं याच्या छातीत दुखतंय. बिचारा धावत खुर्ची घेऊन आला. भानुदास खुर्चीत बसला आणि त्याने रक्षकालाच विचारलं, “टँक? व्हेअर?” रक्षकाने बोटाने पायाखालची जमीन दाखवली. भानुदासने त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. एवढ्या प्रेमाने तो जावयालाही भेटलेला नाही. भोवती दहाबारा लोक जमले होते. त्यांना वाटलं गाइड आहे. एक आजीबाई तर छत्री उंच धरून त्याच्या मागोमाग निघाल्याच.

वरात जिन्याशी आली. तिथे ती बातमीतली पाल, रंगीत नक्षीची मूर्ती, बसलेली आहे. वहिनींनी विचारलं, “टाकी भरून वाहिली तर?”

भानुदासने नुसतं पालीच्या तोंडाकडे बोट केलं.

“म्हणजे जास्तीचं पाणी हिच्या तोंडातून?”

“हो,” तो म्हणाला. “राधा, हो!”

वहिनींनी क्षणभर त्याच्याकडे बघितलं, त्याच्या कपाळावरचं पाणी ओढणीने टिपलं आणि म्हणाल्या, “झालं बोलून? हरलात तुम्ही.” लगेच फोन काढला. तिकडे अल्फारेटात सकाळचे सहा. हर्षिता झोपेतच स्क्रीनवर. “बाबा लॉस्ट? सीरियसली? विथ वन डे लेफ्ट?” आणि मग मागे वळून नवऱ्याला ओरडून, “दे आर मूव्हिंग!”

तर असं आहे. त्यांच्या घरासमोरच्या लॉनवर विकण्याची पाटी लागली आहे. दोन कुटुंबं घर बघून गेली. त्यातल्या एकाला भानुदास अर्धा तास डाउनस्पाउट, म्हणजे छपराचं पाणी उतरवणारा नळ, दाखवत होता, तो माणूस परत आला नाही. वहिनी म्हणतात, आता पाहुण्यांशी मीच बोलेन.

गावात मात्र दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो बाईंनी सहज विचारलं. दुसऱ्या पक्षाचा अध्यक्ष मी. माझ्याकडे पुरावा आहे. हर्षिताने आम्ही निघायच्या महिनाभर आधीच आईला त्या बागेचा व्हिडिओ पाठवला होता, पाणी कसं जातं त्याचाच, हे सुलेखाला हर्षिताच्याच तोंडून कळलं. मी राधावहिनींना तोंडावर विचारलं, “वहिनी, तुम्हाला उत्तर आधीच ठाऊक होतं ना?”

“मी बायोलॉजीवाली, शैलेंद्रभाऊ. मला काय कळतंय त्यातलं,” त्या म्हणाल्या आणि माझ्या हातावर दोन चकल्या ठेवल्या. मी खाल्ल्या. चकल्यांनी पुरावा नष्ट होत नाही.

परवा शनिवारी भानुदास हॉलमधला तो नकाशा उतरवत होता. एक टोक मी धरलं, एक त्याने. माझ्याच्याने राहवेना. माझ्या तळघराचं काय होणार, हा राग होताच. म्हटलं, “लेका, कळत कसं नाही तुला? तो सरळसरळ सापळा होता. सहा दिवस तोंड शिवून बसलास आणि एका प्रश्नापायी घर घालवलंस!”

भानुदासने नकाशाची गुंडाळी केली, तिला रबरबँड लावला आणि म्हणाला, “सापळा आहे हे मला तिथेच कळलं होतं. पण प्रश्न बरोबर होता.”