गिरणी बंद केली तो दिवस

धानाच्या गरम कोंड्याचा वास आला की मले आमच्या गावची गिरणी आठवते. मोहाडीकडच्या आमच्या खेड्यात नुकतीच विजेची लाईन आली होती, धानगिरणी बसली होती, अन् त्याच हिवाळ्यात मले जमिनीखालून आल्यासारखी घूं घूं ऐकू येऊ लागली. जेवताना तीच, बांधावर तीच, तलावात डोकं बुडवलं तरी तीच. झोप गेली, अंग वाळलं. बायको रोज कान देऊन ऐकायची अन् म्हणायची, "मले तं काहीच येत नाही जी." मी गिरणीलेच धरलं. रोज जाऊन भांडायचो. एका बाजाराच्या दिवशी मालक चिडला. "घे, बंद करतो. तरी आवाज आला तं पुन्हा इथं तोंड नको दाखवू, भाऊ," म्हणून त्यानं खटका पाडला. पट्टा फटफट करत थांबला. पोती घेऊन बसलेले सारे माझ्याकडं पाहू लागले. घूं घूं तशीच होती. आता भांडायले कोणीच उरलं नव्हतं. "डोस्क्यातच गिरणी बसवली का गा?" एकजण बोलला अन् सारे हसले. तेवढ्यात धान घेऊन आलेली माझी बायको उठली. "काहून हासून राहिले? मलेबी येऊन राहिला तो आवाज," ती म्हणाली. तिले येत नव्हता, हे मले ठाऊक होतं. मी पोतं उचललं अन् तिच्या मागं चालू लागलो. आवाज अजून आहे. ती गेल्यापासून तो मले एकट्यालेच ऐकावा लागते.