पूंकोडी अक्काची जोडी

चेन्नईतल्या कोळत्तूरच्या मासेवाल्या गल्लीत पूंकोडी अक्काची ख्याती अशी, की मासा घ्यायला आलेल्याला ती आधी हाकलायची, आणि तरी गेला नाही तर स्टूल सरकवायची. गोड्या पाण्यातले मासे विकणारी दुकानं गल्लीत ढिगानं. खारं पाणी आणि प्रवाळ सांभाळणारं हिचं एकटीचं. नवरा गेल्यावर तेवीस वर्षं तिनं ते ओढलं. आता मालक इमारत पाडणार होता. आडीनंतरचा आवणी हा तमिळ महिना संपायच्या आत दुकान रिकामं करायचं आणि लेकीकडे कोइंबतूरला जायचं, असं ठरलं होतं. सगळं सामान हळूहळू निघालं. अडलं ते एका जोडीवर.

केशरी अंगावर पांढरे पट्टे, अशी ती क्लाउनफिशची जोडी सहा वर्षं गल्ल्यामागच्या टाकीत नांदत होती. मादी बोटाएवढी, दांडगी. नर तिच्या निम्मा, सदा मागे मागे. अक्कानं टाकीत हात घातला की मादी कडकडून चावायची.

"मला न घाबरणारी गल्लीत ही एकटीच," अक्का म्हणायची.

कोइंबतूरला समुद्र नाही आणि लेकीच्या दोन खोल्यांत टाकी मावत नाही. जोडीला चेन्नईतच घर बघायला हवं होतं. चार गिऱ्हाइकं आली, चारही तिनं वाटेला लावली. पाचवे आले एकांबरम सर, बंदराच्या कचेरीतून निवृत्त झालेले. नव्या घरासाठी चार फुटी टाकी घेतली होती आणि खिशात यादी होती.

"लायनफिश एक, निळे टँग दोन, फुलपाखरू मासा एक, आणि ही तुमची केशरी जोडी."

"सर, मुलीच्या लग्नात पत्रिका बघितली होती ना?"

"म्हणजे काय! तीन जोशांकडून."

"मग ही काय यादी? लायनफिश माझ्या नराला पहिल्याच रात्री गिळेल. फुलपाखरू प्रवाळ कुरतडून संपवेल. टँग वीतभर वाढतो, चार फुटांत येरझारा घालून वेडा होईल. ही वरात आहे का दरोडा?"

सरांनी तीन नावांवर काट मारली. "बरं, जोडी तरी द्या. आवणीतल्या दुसऱ्या गुरुवारी गृहप्रवेश आहे. त्याच दिवशी टाकी भरू, मासे सोडू. आत्ता आडी महिना, आडीत नवं काही करायचं नाही म्हणते आमची विशालाक्षी."

"गुरुवारी सोडा आणि रविवारी उचलून फेका. दगडांत जिवाणू धरायला सहा आठवडे लागतात, सर. माशांची घाण ते पचवतात. ते नाहीत तोवर पाणी म्हणजे विष. आणि जिवाणूंना पंचांग कळत नाही."

सर मुकाट गेले आणि बायकोच्या नकळत आडीतच टाकी भरून आले. अक्काला जरा बरं वाटलं. तेवढ्यात त्यांनी टाकीतल्या पाण्याची बाटली पुढे केली. तिनं ती हुंगली.

"कुठलं पाणी हे?"

"आपल्या बंदरातलं! बत्तीस वर्षं तिथलं मीठ खाल्लंय."

"आणि डिझेल? तेही खाल्लंत का?"

सगळी टाकी उपसावी लागली. मग कोवळमच्या कोळ्याकडून खोल दर्यातलं पाणी आलं, वाळू आली, दगड अक्कानं स्वतः निवडून दिले. या भानगडीत दीड आठवडा गेला आणि सहा आठवडे नव्यानं मोजायची वेळ आली. म्हणजे गृहप्रवेशालाही टाकी तयार होणार नव्हती.

"मुहूर्तानंतर अजून एक आठवडा थांबा," अक्कानं बजावलं. "आणि पाणी आटलं की वरून नुसतं फिल्टरचं गोडं पाणी घालायचं. वाफ पाण्याची होते, मीठ तिथंच राहतं." हे तिनं तीनदा सांगितलं. सरांनी तीनदा मान डोलावली.

मुहूर्ताच्या दोन दिवस आधी खुद्द विशालाक्षी दुकानात आल्या. "अक्का, नव्या घरात रिकामी टाकी? माझ्या जावा काय म्हणतील? दोन द्या, नंतर मेले तरी चालतील."

"तुमच्या जावा जेवून मेल्या तर चालेल का?"

विशालाक्षी फणकारल्या. "मासे काय तुमच्याकडेच मिळतात?"

अक्कानं त्याच क्षणी मनातल्या यादीतून पाचव्या गिऱ्हाइकाचंही नाव खोडलं. तरी बोलावणं होतं म्हणून गुरुवारी रेशमी साडी नेसून, ताटात केळी घेऊन ती गेली. दूध उतू गेलं होतं, पंगत बसत होती. आणि दारातूनच तिला दिसलं, टाकीत दोन केशरी मासे नाचत होते.

अक्काच्या डोक्यात तिडीक गेली. केळी कुणाच्या तरी हातात कोंबून ती तरातरा टाकीपाशी आली. बघते तर मासे प्लॅस्टिकचे. वरच्या लाकडाला दोऱ्यानं बांधलेले, बुडबुड्यांवर हलत होते.

"किती गुणी मासे, भांडत पण नाहीत!" एक जाऊ म्हणत होती.

सर अंग चोरत जवळ आले. "विशालाक्षी म्हणाली, मासे नसतील तर उंबरा ओलांडणार नाही. मग खेळण्यांच्या दुकानात गेलो. तुम्ही थांबा म्हणाला होतात ना."

अक्कानं पिशवीतलं मीठ मोजायचं यंत्र काढून त्यावर टाकीतल्या पाण्याचा थेंब टाकला. पस्तीस हवं तिथं एकोणचाळीस.

"पाणी आटलं की काय घालता?"

"समुद्राचंच. समुद्राला समुद्रच नको का?"

"तीनदा सांगितलं! तीनदा! बंदरात बत्तीस वर्षं काय लाटा मोजल्यात?"

तिनं पदर खोचला. पाहुण्यांदेखत दोन बादल्या खारं पाणी उपसलं आणि स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं पाणी मगानं थोडं थोडं घालायला लागली.

"अक्का, पान वाढलंय," विशालाक्षी आतून ओरडल्या.

"पान थांबेल!"

तिसऱ्या बादलीला तिनं पाठ सरळ केली. "पुढच्या शुक्रवारी जोडी आणते. मी स्वतः. महिनाभर तिसरा मासा आणायचा नाही. ही प्लॅस्टिकची आजच काढा, माझी मादी दोरा तोडून गिळेल. आणि दर रविवारी मला कोइंबतूरला फोन करून मिठाचा आकडा सांगायचा. एक रविवार चुकला तर रेल्वेत बसून येईन आणि जोडी उचलून नेईन."

सरांनी तिच्या हातातला मग घेऊन फिल्टरच्या पाण्यानं भरला. "पण तिकडे समुद्र नाही म्हणाला होतात. मग नेऊन ठेवणार कुठं?"

"तुम्हाला काय करायचंय!" अक्का डाफरली. "तो मग द्या इकडे."