तळमजल्यावरची हेर

रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून आयुष्य गेलं की एक गोष्ट अंगात मुरते. माणसाने खिशात हात घालायच्या आधीच कळतं, याच्याकडे तिकीट आहे की नाही. ज्याच्याकडे नसतं तो जरा जास्तच नम्र बोलतो, पाकीट उगाच दोनदा उघडतो. निवृत्त झाले तेव्हा काळा कोट गेला, पावतीपुस्तक गेलं, पण ही नजर काही कोणी परत मागून घेतली नाही. मिस्टर गेल्यावर मी नवीन पनवेलच्या आमच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायला लागले, तेव्हा दूधवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांकडे मी याच नजरेने बघत होते.

मुलगा बंगळुरूला. दर खेपेला आला की त्याचं एकच पालुपद, आई, हे घर विकू या, तू माझ्याकडे चल. त्याच्याकडे सगळं होतं. लिफ्ट होती, बाग होती, सून चांगली होती. पण तिथे मी सकाळी उठून कोणाशी भांडणार होते? शेवटी आमचं एका अटीवर मिटलं. अट त्याची. जोवर माझी तब्येत ठणठणीत आहे तोवर मी इथे राहायचं, पण एकदा जरी पडले-झडले तरी मुकाट्याने सामान बांधायचं. मी तावातावाने हो म्हणून बसले. तेव्हापासून मी जिन्यावरून उतरताना कठडा सोडत नसे.

तळमजल्यावर एक बाई राहायच्या. माझ्याहून थोड्या लहान, त्याही एकट्या. माहेर उरणजवळच्या मोरा गावचं, भावाची होडी होती. नवरा बंदरात कामाला होता, तो गेल्यावर मुलींची लग्नं करून त्या इथेच राहिल्या. आवाज असा की त्यांनी खाली कोणाला हाक मारली की मी वर तिसऱ्या मजल्यावर ओ द्यावी. एक दिवस त्या जिना चढून आल्या. त्यांच्या डोक्यात एक बेत होता. आमच्या दोन बिल्डिंगींत मिळून चार बाया एकट्या राहत होत्या. रोज सकाळी चहा झाला की पहिलीने दुसरीला मिस्ड कॉल द्यायचा, दुसरीने तिसरीला, असं करत चौथीने परत पहिलीला. उचलायचा नाही, म्हणजे खर्च नाही. ज्या दिवशी रिंग येणार नाही, त्या दिवशी जाऊन दार वाजवायचं.

माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. ही बाई रोज सकाळी मी घरात आहे की नाही हे कशाला विचारतेय? त्यांचा एक पुतण्या खारघरला जागांची दलाली करतो, हे मी वॉचमनकडून आधीच काढून घेतलं होतं. एकट्या बाईचा, तिसऱ्या मजल्यावरचा, कोपऱ्यातला, दोन बाजूंनी वारा असलेला फ्लॅट. मी मनात म्हटलं, बरोबर. पण नाही म्हणण्यापेक्षा आत शिरून डोळ्यात तेल घालून पाहिलेलं बरं. साखळीत माझा कॉल त्यांना जायचा.

साखळी सुरू झाली तसं दुपारी त्यांच्या घरी जमणंही सुरू झालं. कोणी चिवडा आणायचं, कोणी नुसतीच गाऱ्हाणी. मग टूम निघाली की मेसेज लिहायला शिकायचं. आमच्या त्या बटणांच्या फोनवर मराठी अक्षरं नव्हती, मराठी इंग्रजीतून लिहावं लागे. शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. खालच्या बाई चौथीपर्यंत शिकलेल्या, इंग्रजी अक्षरं त्यांना चित्रासारखी वाटायची. पण चिकाटी दांडगी. जीभ दातात धरून एकेक बटण दाबत बसायच्या. मला शिकवायला मजा येत होती हे मी तेव्हा कबूल केलं नसतं. बाकीच्या दोघी चार दिवसांत कंटाळल्या, या मात्र रोज नवा शब्द विचारायच्या. सर्दी कशी लिहायची? भाजी आणली कसं लिहायचं? आणि लिहून झालं की फोन असा छातीशी धरायच्या की मला स्क्रीन दिसू नये. मी मनात नोंद केली.

पावसाळा सरता सरता एका सकाळी, कॉल द्यायच्या आधीच, मी पडले. काही नाट्यमय नाही, न्हाणीघरात साबणावरून पाय सरकला आणि मी मनगटावर आपटले. फोन बाहेर टेबलावर. उठता येईना. रडू आलं ते दुखण्याचं नव्हतं, बंगळुरूचं होतं. थोड्या वेळाने दार धडाधडा वाजायला लागलं. मी सरपटत जाऊन कडी काढली. खालच्या बाईंनी मला उचललं, गाऊनवरून साडी गुंडाळली आणि रिक्षात घालून जुन्या पनवेलातल्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं. परत येताना रिक्षात मी ‘हे कोणाला सांगू नका’ म्हणणार होते, पण गप्प बसले. विनंती केली की माणूस दुसऱ्याच्या मुठीत जातो, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिलंय.

त्या रविवारी मुलाचा फोन आला तेव्हा तो कधी पडल्याचं काढतो याची मी वाट बघत होते. पण तो काही बोलला नाही. पुढच्या रविवारीही नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला. बाईंचा नि त्याचा काही संबंध नाही, असं धरून चालले.

मग एका रविवारी तो सहज म्हणाला, “आई, आता सर्दी बरी आहे का?” सर्दीचं मी त्याला सांगितलंच नव्हतं. मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि तशीच उभी राहिले. सर्दीचं फक्त खाली माहीत होतं.

संशय पक्का करायची माझी पद्धत आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाईंना एकटं गाठून सांगितलं की माझे दात फार दुखतायत, डॉक्टर म्हणतात सगळे काढून कवळी बसवावी लागेल. माझे दात उत्तम होते, अजून आहेत. हे मी जगात दुसऱ्या कोणालाही सांगितलं नाही. रविवारी मुलगा फोनवर अडखळत म्हणाला, “आई, दातांसाठी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेऊ या का?”

सापडली. मला इतका संताप आला की कान तापले. जिच्या घरी चिवडा खाल्ला, जिला एकेक अक्षर हात धरून शिकवलं, ती माझ्याच मुलाला माझ्याच बातम्या पुरवत होती. हेराला लिहायला मीच शिकवलं होतं. दुपारी खाली जाणं मी बंद केलं. सकाळचा कॉल तेवढा देत राहिले, कारण नाही दिला तर ती वर आली असती.

रागाचा भर ओसरल्यावर मी हिशेबाला बसले. सर्दी कळवली, दात कळवले. मग पडल्याचं का नाही कळवलं? सगळ्यांत मोठी बातमी तीच होती. तिकीट तपासणारा माणूस जे दाखवलं त्याच्यापेक्षा जे दाखवलं नाही त्याचा विचार आधी करतो. आणि विचार करता करता मला उत्तर सापडलं. हुकमाचं पान राखून ठेवलंय. योग्य वेळ आली की मुलाला सांगणार, मुलगा मला घेऊन जाणार, फ्लॅट पुतण्यामार्फत विकला जाणार. सगळं जुळलं. इतकं छान जुळलं की मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. रात्रंदिवस भीतीही वाटत होती, ते वेगळं.

थंडीत मुलगा आला. दोन दिवस त्याने घराची डागडुजी पाहिली, मला जिना चढताना निरखलं. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर म्हणाला, “खालच्या मावशींना चहाला बोलावतो.” मी ओट्याशी उभी होते. मी चहाचं आधण ठेवलं. आला दिवस, म्हटलं.

बाई आल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या. मुलाने आधी आभार मानले. मिस्टर गेल्यावर त्यानेच बाईंचा नंबर वॉचमनकडून घेतला होता, आईची खुशाली कळवत जा म्हणून गळ घातली होती, हे मला तेव्हा कळलं. मग तो पुढे वाकून म्हणाला, “मावशी, खरं सांगा. आई कधी पडली-बिडली नाही ना?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. कपातल्या चहाकडे पाहिलं. “नाय,” त्या म्हणाल्या. “तुमची आय तरण्या पोरीवानी जिना चढते.” मग बशी उगाच एकदा उचलून परत ठेवली, पुन्हा उचलली.

मी असे हजारो चेहरे पाहिलेत. ती खोटं बोलत होती, आणि फार वाईट बोलत होती. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण खोटं बोलताना आवाज पार तळाला गेला होता. हुकमाचं पान तिने टेबलावर टाकलं नव्हतं, फाडून टाकलं होतं. आणि त्यात तिचा फायदा काय, हे मी कितीही शोधलं तरी मला सापडेना. मला लाज वाटली. उद्या हे कुठूनतरी मुलाला कळलं असतं तर खोटारडी तीच ठरली असती, माझ्यापायी.

“पडले होते मी,” मी म्हटलं. “पावसाळ्यात, न्हाणीघरात. यांनी उचललं, डॉक्टरकडे नेलं.”

मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यांच्याकडे वळला. चिडला नव्हता, दुखावला होता. “मावशी, तुम्ही मला सर्दी सांगितलीत, दात सांगितलेत. हेच का नाही?”

“तुमी रोज विचारता, काय तरी सांगावा लागते ना,” त्या म्हणाल्या. “बारीकसारीक सांगितला. ह्ये सांगितला असता तर तुमी नेलं असतं. ताईंना जायाचं नाय. मला हितं रोज दिसते. तुमाला तितून कसा दिसणार?”

खाली कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं. मी मनातल्या मनात कपाटातल्या साड्या बॅगेत घालायला सुरुवातसुद्धा केली होती, कारण अट मी मान्य केली होती. मुलाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“आई,” तो म्हणाला, “तुला यायचंय का माझ्याकडे?”

चल म्हणाला होता तो कितीतरी वेळा. यायचंय का, असं या सगळ्या वर्षांत त्याने मला कधी विचारलं नव्हतं. खरं म्हणजे मीही त्याला धडपणे कधी सांगितलं नव्हतं, नुसती भांडत होते.

“नाही रे,” मी म्हटलं. “मला इथेच राहायचंय. यांच्याजवळ.”

त्याने मान हलवली. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेऊ, एवढंच म्हणाला. बाई पदर सावरत घाईघाईने उठल्या. भात लावायचा राहिलाय, असं म्हणाल्या आणि माझ्याकडे पाठ करूनच दाराबाहेर पडल्या. दुपारचे तीन वाजले होते. त्या वेळी कोणी भात लावत नाही, पण मी काही विचारलं नाही.